हेर कानिटकरांचा नवा शब्द

ऋचाला शाळेत इंग्रजीच्या तासाला एका जुन्या नाटककारावर दहा मिनिटं बोलायचं होतं, आणि तिच्या बाबांनी, पद्माकर कानिटकरांनी (जर्मनांसाठी 'हेर', म्हणजे श्रीयुत, कानिटकर), तिला मदत करायचं ठरवलं. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या त्या तीन मजली इमारतीत पुढे जे काही झालं, त्याची सुरुवात इतकी निरुपद्रवी होती.

"चारशे वर्षांपूर्वीचा हा इंग्रज," पद्माकर लॅपटॉपवर वाचत म्हणाले, "याला शब्द अडला की गडी सरळ नवा बनवायचा. दोन शब्द जोडले की झाला तिसरा. शेकडो इंग्रजी शब्द पहिल्यांदा याच्याच नाटकांत लिहिलेले सापडतात."

"हो, पण ते सगळे त्यानेच बनवले का, यावर वाद आहे," ऋचा जर्मनमध्ये म्हणाली. (वय वर्षं अकरा. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं.)

वाद पद्माकरांच्या कानात शिरलाच नाही. सहा वर्षं ते इथे गिअरबॉक्स तपासत होते. ऑफिसात इंग्रजीवर भागायचं, त्यामुळे त्यांचं जर्मन पावाच्या दुकानापलीकडे गेलंच नव्हतं. आणि आता कोणीतरी सांगत होतं, की शब्द येत नसणं ही तर थोर साहित्यिकाची पहिली पायरी आहे. शिवाय ज्या भाषेत हातमोज्याला 'हाताचा बूट' म्हणतात, ती भाषा काय नाही चालवून घेणार?

दुसऱ्याच दिवशी भांड्यांच्या दुकानात त्यांना चाळणी हवी होती. त्यांनी छाती भरून 'नुडलवासरवेग' मागितली. म्हणजे नूडल, पाणी, चालतं हो. दुकानदारीणबाईंनी क्षणभर विचार केला आणि चाळणी हातात ठेवली. त्या क्षणी पद्माकर कामातून गेले.

तशात शनिवारी घरी वास्तुशांत होती. हा फ्लॅट आठ महिने वणवण केल्यावर मिळाला होता आणि घरमालकीण फ्राऊ लिंडनर तळमजल्यावरच राहायच्या. बाल्कनीत तांब्याच्या छोट्या कुंडात होम, पुण्याचे गुरुजी व्हिडिओवर, आणि नंतर शेजाऱ्यांना जेवण, असा त्यांच्या बायकोचा, विभावरीचा बेत होता. फ्राऊ लिंडनरना होमाबद्दल तिने सांगितलं होतं. "मेणबत्तीसारखंच ना, चालेल," असं त्या म्हणाल्या होत्या. बाकीच्यांसाठी जिन्यात चिठ्ठी लावायची होती.

"लिहून झालं की ऋचाकडून तपासून घे," विभावरी पुरणाला चटका देत म्हणाली.

"हो हो," पद्माकर म्हणाले. (तो इंग्रज आपल्या मुलीकडून तपासून घेत होता का?)

होमाला जर्मनमध्ये शब्द नव्हता. घर म्हणजे हाउस, अग्नी म्हणजे फॉयर. हाउसफॉयर. स्वतःच्या प्रतिभेने पद्माकरांचे डोळे पाणावले.

शनिवारी साडेदहाला सोवळं नेसण्याआधी ते ओला कचरा टाकायला खाली उतरले, तर सगळी इमारत अंगणात उभी. फ्राऊ लिंडनरनी कागदपत्रांच्या चार फायली छातीशी धरल्या होत्या. वरच्या मजल्यावरचे निवृत्त शेजारी हेर कोख एका हातात मांजराची टोपली आणि दुसऱ्या हातात अग्निशामक घेऊन उभे होते. फाटकातून बंबाची लाल गाडी आत येत होती.

"काय झालं?" पद्माकरांनी विचारलं.

हेर कोखनी अग्निशामक काखेत मारून जिन्यातली चिठ्ठी पुढे केली. तेवढ्यात ऋचा खाली आली. तिने चिठ्ठी वाचली आणि आयुष्यात पहिल्यांदाच बापाला शुद्ध मराठीत ऐकवलं :

"बाबा, तुम्ही लिहिलंय, 'प्रिय शेजाऱ्यांनो, शनिवारी अकरा वाजता आमच्या घराला आग लागेल. घाबरू नका. मुलांना आवर्जून आणा. आग भडकली की लगेच जेवण आहे.'"

आठ महिन्यांची वणवण, दोनशे अर्ज, सगळं पद्माकरांच्या डोळ्यांपुढून सरकलं. आता फ्राऊ लिंडनर त्या फायलींतूनच घर सोडण्याची नोटीस काढणार, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

ऋचा मात्र सगळ्यांना भराभर समजावून सांगत होती. हेल्मेट घातलेले दोन जवान तिच्यामागून वर गेले, बाल्कनीतलं वाटीएवढं कुंड त्यांनी वाकून पाहिलं, पाण्याची बादली शेजारी ठेवली आणि आम्ही इथेच थांबतो म्हणाले. फ्राऊ लिंडनर फायलींसकट सोफ्यावर बसल्या. हेर कोखनी मांजर आणलं.

बरोबर अकराला पडद्यावर गुरुजी उगवले. कुंडाशेजारच्या धिप्पाड गोऱ्या माणसाकडे पाहून ते म्हणाले, "यजमान, पगडी राहू द्या, फक्त हातमोजे काढा."

"यजमान मी आहे, गुरुजी," मागून पद्माकर म्हणाले.

"असं होय. मग तुम्ही जरा बाजूला व्हा, दिसत नाहीये."

होम निर्विघ्न पार पडला. दोन्ही जवानांनी प्रत्येक 'स्वाहा'ला बादलीचा कान घट्ट धरला आणि नंतर पाच-पाच पुरणपोळ्या खाल्ल्या. मांजर तुपाच्या वाटीपाशी सापडलं. जाताना फ्राऊ लिंडनरनी विभावरीचा हात हातात घेतला. "चाळीस वर्षांत ही सगळी माणसं पहिल्यांदाच एका टेबलाशी बसली," त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या पोळ्या फायलींवर ठेवून घेऊन गेल्या.

तीन आठवड्यांनी जिन्यात पद्माकरांच्या कानावर आपलं आडनाव पडलं. हेर कोखनी लोकांना जेवायला बोलावलं होतं, त्यांच्या ओव्हनमधून धूर येत होता आणि त्या संदर्भात फ्राऊ लिंडनर कोणालातरी हसत काही सांगत होत्या. पद्माकरांनी घरात येऊन ऋचाला विचारलं.

"कानिटकर्न," ऋचा म्हणाली. "क्रियापद आहे. खूप प्रेमाने बोलावून समोरच्याला पळायला लावणं. अख्खी गल्ली वापरते."

पद्माकरांचा आनंद गगनात मावेना. जर्मन भाषेला एक शब्द दिला होता त्यांनी, तोही घराण्याच्या नावाचा. जेवताना त्यांनी विभावरीकडे पाहत घसा खाकरला आणि अभिमानाने म्हणाले, "इष हाबे कानिटकर्न." (म्हणजे, मी कानिटकर्न केलं.)

ऋचाने ताटातून मान वर केली नाही. "भूतकाळात गेकानिटकर्ट, बाबा," ती म्हणाली.