भोक न पाडणारे दादाराव

दादाराव इंगळे कुणाकडे पाहुणे म्हणून गेले, की यजमानाला नमस्कार करायच्या आधी त्याच्या गाडीखाली जातात. ट्रक असो, टेम्पो असो; खिशातला जुना पेपर जमिनीवर अंथरतात आणि पाठीवर सरकत आत शिरतात. बाहेर फक्त दोन चपला दिसतात. धामणगाव रेल्वेला माझ्या पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तरी हे सापडेनात. शेवटी वऱ्हाडाच्या गाडीखाली सापडले. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाला ग्रीस, पण चेहरा तृप्त. नवरदेवाच्या वडिलांना म्हणाले, "दोन बोल्ट ढिले होते. आता न्या पोरगी बिनघोर."

इंगळेवहिनी सांगतात, "मले पाह्याले आले तवा बी पयले माह्या बाबाच्या टेम्पोखाली गेले. म्या चहा घेऊन उभी. टेम्पो पसंत पडला म्हनून मले होकार देल्ला." हे सांगताना त्या हसत नाहीत, त्यामुळे आपल्यालाही हसावं की नाही ते कळत नाही.

अकोल्यात पातूर रोडला दादारावांचं ट्रकची बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे. कंपनीकडून गाडी येते ती अर्धीच: पुढे केबिन, मागे दोन लांब पोलादी दांडे आणि खाली चाकं. या दांड्यांना चासी म्हणतात. तिच्यावर माल भरायचा हौदा बांधून पक्का बसवायचा, हे त्यांचं काम. माझं पेंटिंगचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून. त्यांनी बांधायचं आणि मी रंगवायचं, असं आमचं बावीस वर्षं चाललं आहे. त्यांच्या बॉडीवर मी रंग लावला की ते दोन दिवस तोंड पाडून असतात, कारण मग जोडकाम दिसत नाही.

चासीला भोक पाडायचं म्हटलं की दादाराव चिडतात. कुणी म्हणालं, "मिस्त्री, इथं एक भोक मारून पट्टी ठोका, काम झालं," की ते ड्रिल हातात घेऊन त्याच्या मागे जाऊन उभे राहतात. "चासी म्हंजे गाडीचा कना. आधी तुमच्या कन्याले पाडून पाहू. चालता आलं तं मंग गाडीले पाडू." बहुतेक लोक पट्टीचा आग्रह सोडतात.

एका भोकाला मात्र ते डिझेलच्या गाड्यांत मन मारून परवानगी देत. आमच्याकडे नवी चासी आली की मालक सहकुटुंब येतो, हार-नारळ होतो आणि मालकाच्या हाताने पहिलं भोक पाडतात. त्याला मुहूर्ताचं भोक म्हणतात. आमच्या भागात ही रीत दादारावांच्या वडिलांनी, लक्ष्मण मिस्त्रींनी पाडली. दादाराव त्यातल्या त्यात कमी धोक्याची जागा खडूने आखून देत आणि भोक पडेपर्यंत दुसरीकडे बघत.

मागच्या वर्षी मोर्शीच्या प्रमोद राऊतने इलेक्ट्रिक ट्रकची चासी आणून उभी केली. त्याचा संत्री वाहायचा धंदा. जुनी गाडी विकून ही घेतली होती आणि बहार तोंडावर आला होता. मोर्शीकडचे आणखी पाचसहा गाडीवाले नुसते बघत होते, की इंगळे मिस्त्रीला ही नवी गाडी झेपते का. झेपली नाही तर ते सगळे दुसऱ्याकडे जाणार, हे दादारावांना पक्कं ठाऊक होतं.

ते नेहमीप्रमाणे गाडीखाली गेले आणि तासभर बाहेर आले नाहीत. आले ते गंभीर होऊन. "पेंटरभाऊ, खाली सगळी बॅटरी लटकून राह्यली. दांड्याच्या आतून जाड तारा. ड्रिल कुठं घालाचं?"

गाडीसोबत कंपनीचं इंग्रजी पुस्तक होतं. ते वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तीन दिवस मी वाचत होतो आणि हे एकेक वाक्य पुन्हा वाचायला लावत होते. सार इतकंच, की चासीला नवं भोक नाही, वेल्डिंग तर बिलकूल नाही. कंपनीने आधीच दिलेल्या भोकांतून ब्रॅकेट आवळायचे आणि हौदा त्यांच्यावर बसवायचा. दादारावांना इतका आनंद झाला, की जणू ते पुस्तक त्यांनीच लिहिलं होतं. "मी तीस वर्सापासून हेच सांगून राह्यलो," ते म्हणाले, "फक्त इंग्रजीत नोतो सांगत."

मग त्यांनी दोन जुन्या गर्डरांची खोटी चासी केली. तिच्यावर कंपनीच्या भोकांच्या खुणा मारल्या आणि हौद्याचं सगळं वेल्डिंग त्या खोट्या चासीवर, गाडीपासून वीस पावलं दूर केलं. गाडीभोवती दोरी बांधली आणि मला पाटी रंगवायला लावली: 'वेल्डिंगवाल्यानं दोरीच्या अल्याड यायचं नाही.' वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करणारे ते एकटेच. ब्रॅकेटखाली रबराचे जाड तुकडे आणि पुढच्या दोन ब्रॅकेटना स्प्रिंग, म्हणजे खड्ड्यात चासी पिळली तरी हौदा तिला ओढणार नाही.

हौदा चढवायच्या दिवशी राऊत मंडळी आली. सोबत प्रमोदचे वडील, आबाजी. वय ऐंशीच्या घरात, डोक्याला फेटा आणि पिशवीत घरून आणलेलं ड्रिल. लक्ष्मण मिस्त्रींचे ते जुने दोस्त. बॅटरीच्या तारा नारिंगी बघून खूश झाले. "संत्र्याच्या रंगाच्या हायेत. शुभ हाये."

"शुभ नाई आबाजी, करंट हाये," दादाराव गाडीखालून म्हणाले.

ते अजून खालीच होते, तोवर आबाजींनी नारळ फोडला, ड्रिलची पिन लावली आणि केबिनमागे, नेहमीच्या मुहूर्ताच्या जागी टोक टेकवलं. आतल्या बाजूला बरोबर तिथेच ती नारिंगी तार होती. दादाराव एवढ्या चपळाईने बाहेर आलेले मी कधी पाहिले नाहीत. त्यांनी आबाजींना हात लावला नाही. भिंतीकडे जाऊन पिन उपटली.

आबाजींचा चेहरा उतरला. "माह्या पयल्या गाडीचं भोक तुह्या बापानं माह्या हातून पाडलं. तू आता रीत शिकवतं मले?" मग मुलाकडे वळले. "प्रमोद, चाल. गाडी अमरावतीले नेऊ."

मला वाटलं, संपलं, मोर्शीची सगळी गिऱ्हाइकं या एका पिनेबरोबर गेली. पण दादारावांचा आवाज जराही हलला नाही.

"न्या. पन तिथं बी भोक पाडू नोका. आबाजी, तुमच्या पयल्या गाडीची चासी तुटली ना? ते रस्त्यानं नोती तुटली. तडा भोकातून गेला होता. म्या खाली जाऊन पाह्यला. घरी येऊन बाबाले तोंडावर सांगतलं, तुमच्या भोकानं गाडी तोडली. मानसं बसली होती तवाच सांगतलं. त्या दिवसापासून बाबा वर्कशॉपात आले नाई. गेले तोवर नाई आले."

हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं. आबाजींनी ड्रिल पिशवीत घातलं.

"मंग मुहूर्त कायचा करू?" त्यांनी विचारलं.

दादारावांनी हौदा साखळीने चासीवर उतरवला, पहिल्या ब्रॅकेटमध्ये बोल्ट घातला आणि मोजून आवळायचा लांब पाना आबाजींच्या हातात दिला. पुरेसा आवळला, की तो पाना टक असा आवाज करतो. आबाजींनी जोर लावला, पण टक काही होईना. दादारावांनी मागून त्यांच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले आणि दोघांनी मिळून ओढलं. टक झालं.

आबाजी हसले. "हे असं तुह्या बापाले सांगतलं असतं तं त्यानं बी आवळला असता."

"सांगतलं होतं ना आबाजी," दादाराव म्हणाले. "हात धरून नोतं सांगतलं."

त्यांनी अजून हात काढले नव्हते. आबाजींनीही काढून घेतले नाहीत. दुसरा बोल्ट प्रमोदने आवळला.