निवडीचा मान

ऑर्विल टेस्केला त्या उन्हाळ्यात तीन गोष्टी मिळायच्या होत्या: एक गोल टेबल, ताटभर पर्च मासा आणि अकरा वर्षं तुंबलेला न्याय. पैकी पहिल्या दोन बायकोला हव्या होत्या, तिसरी फक्त त्याला.

टेबल होतं बेव्हच्या बारमध्ये, हीटरला लागून. विस्कॉन्सिनमधल्या लिटल बार्लो गावात दर शुक्रवारी झाडून सगळे बेव्हकडे तळलेले मासे खायला जमतात. पन्नाशीपुढच्यांची सॉफ्टबॉल लीग जो संघ जिंकेल, त्याच्या मॅनेजरच्या घरच्यांना हिवाळाभर ते टेबल आणि कढईतून निघालेलं पहिलं ताट, असा तिथला रिवाज. तळ्यातला पर्च सातच्या आत संपतो. मागाहून येणाऱ्यांच्या नशिबी बाहेरून आलेला गोठवलेला कॉड मासा. ऑर्विलचा पशुखाद्य गिरणीचा संघ सलग चार वर्षं हंगामात पहिला आला होता आणि चारही वर्षं शेवटच्या बाद फेरीत गारद झाला होता. त्यामुळे अर्डिस टेस्के चार हिवाळे दाराजवळच्या टेबलावर, अंगातला कोट न काढता, कॉड खात होती. दार उघडलं की आधी तिचे गुडघे कळवळायचे, मग ती.

ऑर्विलने तीस वर्षं गिरणीच्या वजनकाट्यावर काढली होती. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी. त्यामुळे व्यावसायिक बेसबॉल त्याला बघवायचा नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

"एकशे बासष्ट सामने!" तो टीव्हीला सुनवायचा. "एवढे खेळून पहिला आलेला गडी, त्याला कुणीतरी सहावा आलेला उपटसुंभ आठवड्यात घरी पाठवतो. मग एप्रिलपासून वजन कसलं केलंत? आणि ही बाद फेरी संपता संपत नाही. नोव्हेंबर लागतो, तरी पोरं बोटांवर फुंकर मारत उभीच!"

"त्यांना ऐकू जात नाही ऑर्विल," अर्डिस म्हणायची. "मला जातं."

दर जानेवारीत तो बाद फेरी सुधारायची आपली योजना व्यावसायिक बेसबॉलच्या मुख्य कचेरीला पाठवायचा. दर मार्चमध्ये आभाराचं तेच छापील पत्र यायचं. अर्डिस त्या पत्राच्या मागच्या बाजूला किराण्याची यादी लिहायची. अकराव्या पत्रानंतर ऑर्विलने ठरवलं, की आधी गावात करून दाखवू, मग तेच लोक आपल्याला बोलावतील.

लीगच्या बैठकीत त्याने चार कलमं वाचली. हंगाम पंचवीस सामन्यांऐवजी पंधराचा, म्हणजे प्रत्येक सामन्याला किंमत येईल. बाद फेरीत सहाच्या सहा संघ नकोत, वरचे चारच. बाद फेरी ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी सलग, मधे विश्रांती नाही. आणि चौथं कलम, त्याचं लाडकं: पहिल्या आलेल्या संघाला उपांत्य फेरीत दोनपैकी एकच सामना जिंकला तरी पुरे, शिवाय आपला प्रतिस्पर्धी त्याने स्वतः निवडायचा. शुक्रवारी, बेव्हच्या बारमध्ये, सगळ्यांसमोर.

"दाजी, ते शेवटचं परत वाचा," लायल म्हणाला. लायल हा अर्डिसचा धाकटा भाऊ. गावातलं अंत्यविधीचं दुकान त्याचं, आणि लीगमधला सगळ्यात सावकाश पळणारा संघही त्याचाच. "सगळ्यांसमोर कशाला? चिठ्ठी पाठवा की."

"लायल, हा निवडीचा मान आहे. मान काय चिठ्ठीने घेतात?"

चार विरुद्ध दोन मतांनी योजना पास झाली. एकतर बाहेर हिमवादळ होतं, आणि दुसरं, ऑर्विलने चारही कलमं परत पहिल्यापासून वाचायला घेतली होती.

उन्हाळाभर योजना घड्याळासारखी चालली. गिरणीचा संघ पंधरापैकी तेरा सामने जिंकून पहिला आला. दुसरा पाद्रीबाबा स्टेन्सरुड यांचा चर्चचा संघ, ज्यात पाद्रीबाबा सोडले तर सगळे दूधवाले शेतकरी. तिसरा डेलमर गुल्केचा, जो हिवाळ्यात गावाच्या दारातला बर्फ उपसतो. चौथा लायल, ज्याच्या तिघांच्या गुडघ्यांत मिळून लोखंडाचे चार सांधे होते.

निवड उघड होती. सोमवारी न्याहारीला ऑर्विलने ती बोलून दाखवली.

"लायल."

अर्डिसने कॉफीचा कप खाली ठेवला. "म्हणजे अख्ख्या गावासमोर उभं राहून तू सांगणार, की माझा भाऊ सगळ्यात कच्चा आहे?"

"कच्चा नाही गं. सोयीचा."

"नाताळला जेवायला त्याच्याकडेच जायचंय. तिथे विचार, सोयीचा म्हणजे काय ते."

लायल कटला. मंगळवारी पाद्रीबाबा स्वतः दारात आले. हातात बायकोने केलेल्या लिंबाच्या वड्यांचा डबा होता.

"निवडीवर दबाव आणायला नाही हं आलो," ते म्हणाले. "देवासमोर सगळे सारखे. फक्त आमची मंडळी मनाला लावून घेतात. गेल्या वर्षी वाद्यवादकाला म्हातारा म्हटलं कुणी, तर तीन आठवडे भजनं बिनवाद्याची झाली. अर्डिस, तू गातेस त्यात, तुला ठाऊकच आहे."

डबा ठेवून ते गेले. वड्या इतक्या चांगल्या होत्या, की ऑर्विलने पाद्रीबाबांच्या नावावर काट मारली.

बुधवारी पेट्रोल पंपावर डेलमर भेटला. त्याने ऑर्विलच्या पाठीवर थाप मारली. "काय ऑर्विलकाका, यंदा बर्फ जोरात पडणार म्हणतात. तुमच्या घरापुढची गल्ली तशीही लांबच. कुठलं घर आधी आणि कुठलं मागनं, हे मी त्या दिवशीच्या लहरीवर ठेवतो बघा."

त्या रात्री ऑर्विल कागद घेऊन बसला. मेव्हणा, देव आणि बर्फ. वजनकाट्यावर असा ट्रक कधी आला नव्हता.

"मी सांगू?" अर्डिस विणकामातून मान वर न काढता म्हणाली. "सगळ्यात कच्चा निवडलास तर अपमान होतो ना? मग सगळ्यात तगडा निवड. तो मान होईल."

"तगडा म्हणजे डेलमर! त्याचे फटके कुंपणाबाहेर जातात."

"तुला एकच सामना जिंकायचाय. कलम चार. तूच लिहिलंस."

ऑर्विलने विचार केला आणि आपण लिहिलेल्या कलमावर त्याचा नव्याने विश्वास बसला.

शुक्रवारी बेव्हने घंटा वाजवली. ऑर्विल खुर्चीवर चढला. "मी डेलमरला निवडतो," तो म्हणाला, "कारण उरलेल्या तिघांत तोच सगळ्यात तगडा आहे."

डेलमर उठून वाकला. टाळ्या पडल्या. मग टाळ्या थांबल्या आणि बार हिशेब करू लागला.

"म्हणजे दुसरे आम्ही आलो, तरी तगडे नाही?" पाद्रीबाबांच्या संघातला एक शेतकरी म्हणाला.

"आणि आम्ही तर मोजण्यातच नाही," लायल म्हणाला. "चालू द्या दाजी. आमच्याकडे शेवटी सगळेच येतात."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. जमीन कोरडी, वारा मंद. ऑर्विल खुशीत मैदानावर आला. "काय पण मुहूर्त काढलाय!" तो बायकोला म्हणाला.

मुहूर्त खरंच चांगला होता, पण गवताला. आठवडाभर पावसाने तिसऱ्या कापणीचं गवत शेतात अडवून धरलं होतं, आणि असा कोरडा दिवस हातचा घालवणारा दूधवाला त्या तालुक्यात अजून जन्मला नव्हता. जुन्या वेळापत्रकात बाद फेरी सप्टेंबरात, गवत कोठारात गेल्यावर असायची. चर्चच्या संघातून पाद्रीबाबा एकटे आले. लायलचा संघ न खेळता अंतिम फेरीत गेला. मग त्यांनी सावलीत घडीच्या खुर्च्या मांडल्या, थंड पेयांच्या पेट्या उघडल्या आणि दुसऱ्या मैदानावरची गंमत बघत बसले.

गंमत मोठी होती. पहिला सामना डेलमरने एका धावेने घेतला. दुसरा बरोबरीत लांबत लांबत तेराव्या डावापर्यंत गेला. अंगाची लाही होत होती. गिरणीचे म्हातारे झाडाखाली जाऊन डोक्यावर पाणी ओतून येत, डेलमरचे तेवढंही करत नव्हते. शेवटी डेलमरने एक फटका कुंपणाबाहेर, ऑर्विलच्या गाडीच्या टपावर उतरवला आणि दुसरा सामनाही घेतला. पोचा पडलेला ऑर्विलने ऐकला, बघितला नाही.

"ऑर्विलकाका," डेलमर धापा टाकत म्हणाला, "तगडा म्हणालात ते लागलं बघा. एरवी मी पाचव्या डावात घरी गेलो असतो."

रविवारी अंतिम सामना. मधे विश्रांती नाही, कलम तीन. डेलमरचे नऊ गडी बसमधून उतरतानाच कण्हत होते. एकाला हात खांद्यावर नेता येत नव्हता, डेलमरला स्वतःला वाकता येत नव्हतं. समोर लायलचा संघ आदल्या दिवशी दिवसभर सावलीत बसलेला, लिंबूपाणी प्यायलेला, आणि इस्त्रीचे कपडे घालून आलेला. ते पळाले नाहीत, पळायची गरजच पडली नाही. लोखंडी गुडघे टाकत, चालत चालत त्यांनी अकरा धावा काढल्या.

योजनेचं एकेक कलम तंतोतंत लागू पडलं होतं. ऑर्विलला तक्रार करायला जागा नव्हती आणि ऐकणारंही कुणी नव्हतं, कारण अर्डिस मैदानात जाऊन भावाला मिठी मारत होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी टेस्के पतिपत्नी बेव्हकडे पोचले. ऑर्विल सवयीने दाराजवळच्या टेबलाकडे वळला. अर्डिस वळली नाही. हीटरजवळून लायल हात हलवत होता.

"ताई, ये! तुझी खुर्ची धरून ठेवलीय."

"आणि माझी?" ऑर्विलने विचारलं.

"दाजी, टेबल मॅनेजरच्या घरच्यांचं," लायल म्हणाला. "ताई माझ्या घरची. तुम्ही पहिल्या आलेल्या संघाचे. तुमच्यासाठी त्यात काही कलम आहे का, बघा ना."

अर्डिसने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या निळ्या ब्लाउजची बटणं गावाने पाहिली. पर्चचं पहिलं ताट तिच्यापुढे आलं. ऑर्विल दारापाशी बसून बघत राहिला. अर्डिसने 'तगडा निवड' म्हटलं तेव्हा तिची मान विणकामात होती, हे त्याला आत्ता आठवलं. त्याने मनातल्या काट्यावर ते वजन टाकून पाहिलं, आणि काटा कुठे जातोय ते न बघता उतरवून ठेवलं.

थोड्या वेळाने बेव्ह त्याच्याकडे आली. "काय ऑर्विल, यंदाही योजना पाठवणार का मुख्य कचेरीला?"

"पाठवतो. पाचवं कलम घालून."

"काय आहे त्यात?"

"पहिल्या आलेल्याला घरच्यांनी सल्ला देऊ नये."

तेवढ्यात डेलमर आत आला, दार सताड उघडं टाकून सगळ्यांची विचारपूस करत उभा राहिला. बर्फाचा पहिला झोत ऑर्विलच्या ताटावरून गेला. लायलला टेबल मिळालं, अर्डिसला हीटर आणि पर्च, पाद्रीबाबांच्या मंडळींना कोरडं गवत, डेलमरला तगडा ही पदवी. त्या सगळ्याचं मोल दाराजवळ एकटंच बसून, कोट घालून, कॉड खात होतं.