दिगंबररावांचा दुखरा पंख

एका जंगलात, बाळांनो, धनेश पक्ष्यांची वस्ती होती. त्यांच्यात एक रीत असते. अंडी घालायच्या वेळी आई झाडाच्या ढोलीत बसते आणि ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून घेते. उरते फक्त चोच मावेल एवढी फट. त्या फटीतून बाप उंबरं भरवतो.

इंदुमतीबाई अशाच ढोलीत बसायला निघाल्या. हा त्यांचा दुसरा संसार. पहिल्या संसारातला मुलगा मल्हार, चांगला थोराड, मिशा तेवढ्या फुटायच्या राहिलेल्या. दुसरे यजमान दिगंबरराव. मल्हार त्यांना काका म्हणे.

"अहो, दुपारची उंबरं मल्हार आणील," बाई म्हणाल्या. "अंगावर पडल्याशिवाय शिकायचा नाही."

"आणतो ना. उद्यापासून," मल्हार म्हणाला.

तुम्हीही अभ्यासाला असंच म्हणता, ठाऊक आहे मला.

तो उद्या काही उजाडेना. दुपार झाली की मल्हार फांदीवर ताणून द्यायचा. दिगंबररावांना राग यायचा. पण रागावलं तर वस्ती म्हणणार, सावत्र तो सावत्रच. मग तीही खेप तेच करत. फटीतून दिसते नुसती चोच.

"मल्हार, तूच ना रे?" बाई आतून विचारत.

"हं," दिगंबरराव म्हणत.

"गुणाचं लेकरू माझं. काका सकाळी आणतात ती उंबरं तुरट असतात. तुझी कशी गोड."

उंबरं एकाच झाडाची होती. दिगंबररावांना फार वाईट वाटायचं.

पुढे अंड्यांतून दोन पिल्लं निघाली आणि नेमका वाऱ्यात दिगंबररावांचा पंख मुरगळला.

"मल्हार, आत तुझी आई आहे, पिल्लं आहेत. आता सगळ्या खेपा तुला."

"जातो काका. जरा ऊन उतरू दे."

ऊन उतरलं, दुसऱ्या दिवशी चढलं, पुन्हा उतरलं. आतली पिल्लं रडून रडून गप्प झाली. तेव्हा मात्र दिगंबरराव फांदीवरून सरपटत फटीपाशी गेले आणि सगळं खरं सांगून टाकलं.

आतून लिंपण फोडल्याचा आवाज आला. इंदुमतीबाई बाहेर आल्या. मल्हार सावलीत घोरत होता. शेजारी ताज्या उंबरांची देठं पडली होती.

बाई आधी नवऱ्यावरच उखडल्या. "तुम्हीच लाडावून ठेवलंत त्याला." मग मल्हारचं शेपूट ओढलं. "ऊठ. आधी पिल्लं, मग मी, उरलं तर तू."

"आणि काका?"

"त्यांनाही तूच भरवायचंस."

दिवसाला चाळीस खेपा होऊ लागल्या. पिल्लांनी बाळसं धरलं, मल्हारचं उतरलं. आठव्या दिवशी तो धापा टाकत दिगंबररावांसमोर उंबर घेऊन बसला.

"बाबा, तुमचा पंख कधी बरा होणार हो?"

बाबा म्हणाला तो. पहिल्यांदाच. दिगंबररावांना भरून आलं. पंख तिसऱ्याच दिवशी बरा झाला होता.

"बघू," ते म्हणाले आणि त्यांनी चोच उघडली.

तात्पर्य: सावत्र मुलाला वळण लावताना माया, संयम, समजूत यांपैकी काहीही वापरू नये. वेळेवर एक पंख मुरगळून घ्यावा आणि तो बरा झाल्याचं घरात सांगू नये.