सरड्याचे वकील

शेजारच्या नानांकडे मी सहा-सात वर्षं गेलो, पण चहा एकदाही घेतला नाही. दर वेळी काहीतरी खोटं सांगून निघालो. त्याचं कारण सांगायला लाज वाटते, म्हणून आधी नानांचा सरडा सांगतो.

नाना धुळ्यात, देवपूरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. कुणी 'सरड्यासारखा रंग बदलतो' म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. नगरपालिकेच्या निवडणुकीत एका उमेदवारानं भर सभेत विरोधकाला सरडा म्हटलं. नाना पहिल्या रांगेतून उठले. "माफी मागा!"

उमेदवार गोंधळला. "नाना, तुम्ही त्यांच्या पार्टीचे?"

"मी सरडानी पार्टीना शे!"

त्यांच्या अंगणातल्या डाळिंबावर एक सरडा असायचा. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक यायची, "भाऊ, सरडा देखाले या!" सकाळी तो काळपट दिसे. "थंडी वाजस त्याले. काया रंग ऊन धरस." ऊन चढलं की तो फिकट हिरवा. एकदा गंमत म्हणून मी त्याच्यापुढे लाल मफलर धरला. सरडा लाल झाला नाही; नाना झाले.

"कातडीमा रंगन्या पेशी ऱ्हातस, भाऊ. त्यान्या बी, आपल्या बी. आपल्या कधी काम सोडी देतस. त्यामा कोनाचं पाप नही." एवढं सांगून आत हाक, "चहा टाक वं!"

चहा नानांच्या पत्नी, अक्का, आणायच्या. त्यांच्या दोन्ही हातांवर कोड होतं. कोड लागत नाही हे मला ठाऊक होतं. तरी कपबशी वाजली की मी चपला शोधायचो. बाकीचेही तेच करायचे.

एका हिवाळ्यात सरडा दिसेनासा झाला. मांजरानं नेला की आपणच गेला, कळलं नाही. तरी हाक आलीच, "भाऊ, सरडा देखाले या!"

मी गेलो. नाना उगीचच फांद्या हलवत होते.

"व्हई आठेच कोठे तरी. तोपर्यंत चहा..." म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं टाळून डाळिंबाची पानंच बाजूला सारत राहिले.

दारातून अक्का म्हणाल्या, "कशाले अडकावतस त्यास्ले? मोठा मानूस शे, चहा घरीच पेतील."

इतकी वर्षं नाना आम्हाला कशासाठी बोलावत होते, ते तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मी पायरीवर बसलो.

"अक्का, मला घरी कसलीच घाई नसायची. मी तुमच्या हातांना भ्यायचो. माझं चुकलं. माफ करा मला."