सुरक्षित अंतरावरची मावशी

परगावी गेलेल्या माणसाचं पहिलं कर्तव्य म्हणजे त्या गावापासून स्वतःचा बचाव करणे. कामधाम, भेटीगाठी सगळं नंतर. आधी उतरायची जागा सुरक्षित हवी आणि मध्यवर्ती हवी. सुरक्षित म्हणजे जिथे गावातलं कुणी आपल्यापर्यंत पोचत नाही, आणि मध्यवर्ती म्हणजे जिथून आपण गावात सगळीकडे पोचतो. (दोन्ही एकत्र जमलं की माणूस खोलीतच बसून राहतो, हा भाग वेगळा.)

आम्हा पाच जणांना शहरात जायचं होतं, त्याला कारण मावशी. आईची ही थोरली बहीण छत्तीस वर्षं त्या शहरात शिवणकाम करून राहिली. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला. डाव्याचं ऑपरेशन गुरुवारी सकाळी आठला ठरलं होतं, आणि डॉक्टरांनी 'जमलं तर जमलं' एवढंच आश्वासन दिलं होतं. मावशी फोनवर आईला म्हणाली, "पट्टी बांधायच्या आधी एकदा तुझं तोंड नीट बघून घेते ग. मग काय व्हायचं ते होऊ दे."

आई त्याच संध्याकाळी पिशवी भरून बसली. प्रवास कसा आखतात याची तिला काडीची समज नाही, हे त्यावरून उघड झालं.

घरात रीतसर समिती नेमण्यात आली. अध्यक्ष बाबा (मोजणी खात्यातून निवृत्त), सदस्य दादा आणि वहिनी, इतिवृत्त लिहायला मी. आईला निमंत्रित म्हणून बसू दिलं. मताचा अधिकार नव्हता.

"अरे, तिच्याकडे दोन खोल्या आहेत," आई म्हणाली. "मला एक सतरंजी पुरे. तुम्ही दुसऱ्या खोलीत पसरा."

"आई, प्रश्न सतरंजीचा नाहीये," वहिनी म्हणाली. "परिसराचा आहे."

परिसराचं काय आहे, ते दादाने फोनवर वाचून दाखवलं. मावशीचा भाग नकाशात लाल होता. त्याबद्दल एकच अभिप्राय होता, पण काय अभिप्राय! भाषा साधी, निरीक्षण अचूक, एक शब्द फालतू नाही. 'सावध प्रवासी' या टोपणनावाने कुणी अभ्यासू माणसाने लिहिलं होतं: "अनोळखी लोक रस्त्यात अडवून कुणाकडे जायचंय विचारतात. बायका खिडक्यांतून नजर ठेवतात. घरांची दारं दिवसभर उघडी. एका इसमाने माझ्या हातातली बॅग काढून घेतली". खाली एकच तारा. शेवटी पूर्णविराम द्यायलाही तो बिचारा थांबला नव्हता, पळाला असणार.

मावशीला फोन लावून विचारलं. ती हसली. "इथं कसला आलाय धोका? छत्तीस वर्षं राहतेय मी."

"ज्याला सवय होते त्याला धोका दिसत नाही," बाबा म्हणाले, "आणि हेच धोक्याचं लक्षण." ठराव एकमताने संमत.

समितीच्या अकरा बैठका झाल्या. त्रेसष्ट हॉटेलं तपासली, चारशे नऊ अभिप्राय वाचले. फेटाळण्याची कारणं इतिवृत्तात आहेतच: सातमध्ये लिफ्टला आरसा नव्हता (मागे कोण उभं आहे ते कळत नाही), चारमध्ये होता (मागच्यालाही आपण दिसतो), आणि एका ठिकाणी कर्मचारी 'फार हसतमुख' असल्याची तक्रार होती.

मग बाबांनी मध्य काढला. भिंतीवर नकाशा लावून नऊ टाचण्या टोचल्या: स्टेशन, पोलीस चौकी, दुसरी पोलीस चौकी (पहिली बंद असल्यास), अग्निशमन केंद्र, मोठं इस्पितळ, त्याहून मोठं इस्पितळ, संग्रहालय, बाग आणि स्टेशनचं मागचं दार. डोळ्यांचा दवाखाना मावशीच्याच गल्लीच्या टोकाला होता. तो धरला की मध्य सरकत होता, म्हणून अपवाद मानून वगळला. मावशीचं घर लाल भागात, सबब त्याला टाचणी नाही. प्रत्येक टाचणीतून दोरा ओढला. सगळे दोरे शहरातल्या एका चौकावर येऊन मिळाले. तिथे एक कोरडं कारंजं होतं, आणि समोर हॉटेल. हिरवा भाग, पाच तारे.

बाबांचे डोळे भरून आले. सदतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतका नेमका मध्य कधी सापडला नव्हता.

आई तेवढ्यात कपडे घडी करता करता गुणगुणत होती:

बहिणीच्या गावा जाता, वाट कुणाला मी पुसू
वाटच बाई म्हणे, ये ग, घडीभर बसू

(ओवी बरी आहे. पोलीस चौकीचं अंतर मात्र कुठेच दिलेलं नाही.)

बुधवारी दुपारी तीनला आम्ही हॉटेलात पोचलो. चौथा मजला, उघडत नसलेली खिडकी, दाराला तीन कड्या. समितीने तातडीची बैठक घेऊन नियम केला: सहानंतर कुणी बाहेर पडायचं नाही, आणि लाल भागात तर दिवसाउजेडीसुद्धा नाही. ऑपरेशनला उद्या सकाळी थेट गाडीने जायचं, काचा वर करून.

"मग तिला माझं तोंड कधी दिसायचं?" आईने विचारलं.

"व्हिडिओ कॉल आहे की," दादा म्हणाला.

"त्यात ती कपाळच बघते माझं. फोन नीट धरता येत नाही मला."

पाच वाजता खालून फोन आला की कुणी बाई आल्या आहेत. एका डोळ्याने मुळीच दिसत नाही, दुसऱ्याने अर्धवट, तरी मावशी दोन बस बदलून हॉटेलाच्या दारात आली होती. आई चपला घालता घालता धावली. मी मागोमाग, इतिवृत्तासाठी.

दारात पहारेकरी आणि पाटी होती: 'स्थानिक रहिवाशांना प्रवेश नाही.' आमच्या निवडीबद्दल मला प्रथमच पुरता अभिमान वाटला.

"मावशी, गावातल्या माणसाला आत सोडता येत नाही," पहारेकरी सांगत होता. "सुरक्षा आहे."

"मग मी कुठल्या गावची होऊ बाबा?"

"पत्ता दाखवा बघू." त्याने ओळखपत्र पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. "अहो, तुम्ही शिवणवाल्या मावशी ना? मी पाण्याच्या टाकीमागचा. ही पँट तुम्हीच आखूड करून दिलीत की!"

मावशीने वाकून बोटांनी त्याच्या पँटची शिवण चाचपली. "माझीच आहे. मग सोड की आत."

"मलाच कुठे आत सोडतात? म्हणून तर दारात उभा असतो."

तोवर आई त्याच्या बगलेतून बाहेर निघाली होती. दोघी रस्ता ओलांडून चौकातल्या कोरड्या कारंज्याच्या कठड्यावर जाऊन बसल्या. मी वर परतलो, कारण सहा वाजत आले होते. आम्ही चौघं खिडकीला नाकं लावून पाहत होतो. बाबांनी नकाशा काढून खात्री केली: दोघी बरोबर दोऱ्यांच्या गाठीवर बसल्या होत्या. शहराच्या मध्याचा कुणीतरी उपयोग केल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं.

मावशीने आईची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. काय बोलल्या ते काचेतून ऐकू येत नव्हतं, आईने नंतर सांगितलं.

"पिकलीस ग."

"तू काय कोवळी राहिलीस?"

"गप. हलू नकोस."

आणि कात्री लावण्याआधी कापड पाहावं तशी ती आईला पाहत राहिली. कपाळ, भुवया, लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची खूण. अवतीभवती गाड्या भोंगे वाजवत होत्या. पुष्कळ वेळाने तिने मान हलवली, जणू माप लागलं.

मग दोघी उठल्या आणि सरळ बसथांब्याकडे गेल्या. आईची पिशवी तिच्या खांद्यालाच होती. म्हणजे ती तशीच घेऊन धावली होती, आणि समितीच्या एकाही सदस्याच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"लाल भागात चालल्या," वहिनी म्हणाली.

"साडेसात किलोमीटर," बाबा म्हणाले, आणि तिन्ही कड्या लावून घेतल्या.

सकाळी आम्ही साडेसहालाच निघालो. मध्यवर्ती भागाचं वैशिष्ट्य असं, की शहरातले सगळे रस्ते तिथे येऊन मिळतात, आणि त्यांवरची वाहनंही. दवाखान्यात पोचायला सव्वादहा वाजले. ऑपरेशन उरकलं होतं. कागदावर नातेवाईक म्हणून आईची सही होती. दोघी घरून चालत आल्या होत्या, सहा मिनिटांत.

"काल काही त्रास?" दादाने आईला विचारलं.

"बाई ग, किती तो त्रास! चौघांनी अडवून विचारलं, कुणाकडे जायचंय. खिडकीतल्या बायका ओरडत होत्या, दगड आहे तिथे, जपून उतरा. एकाने तर हातातली पिशवीच काढून घेतली."

"बघा!" बाबा म्हणाले.

"आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली."

इथे मला एक खुलासा करणं भाग आहे. 'सावध प्रवासी' मीच. गेल्या वर्षी एका दुपारी मावशीकडे गेलो होतो, परतताना बसमध्ये अभिप्राय लिहिला. 'बॅग काढून घेतली' इथवर अक्षरांची मर्यादा संपली, आणि 'तिसऱ्या मजल्यावर पोचवली' एवढं राहून गेलं. तारे पाच द्यायचे होते. पण बस उसळली, आणि मी पुन्हा मोजत बसलो नाही. बैठकीत हे सांगणार होतो. पण अभिप्रायाचं इतकं कौतुक चाललं होतं, की धीर झाला नाही.

दहा दिवसांनी पट्टी सुटली. मावशीला उजेड कळतो, दोऱ्याचा रंग कळतो, सुईचं नेढं सापडत नाही. आईचं तोंड पाठ आहे म्हणते. आमची तोंडं तिला नीट आठवत नाहीत. त्या संध्याकाळी आम्ही चौथ्या मजल्यावर होतो.

परत आल्यावर मी अभिप्राय दुरुस्त करायला गेलो. करता येईना. 'हा अभिप्राय १,३८६ वाचकांना उपयुक्त वाटला आहे, सबब तो कायम ठेवण्यात येत आहे,' असं उत्तर आलं. वाचक महाराज, तुम्हीही सुट्टीत त्याच शहरात हॉटेल शोधत होता. 'उपयुक्त'वर दाबलेला त्यातला एक अंगठा तुमचा आहे. आभारी आहे.

पुढच्या महिन्यात तुमच्या गावी माझं काम निघालं आहे. तुमच्याकडेच उतरणार होतो, पण तुमच्या गल्लीबद्दलचा अभिप्राय वाचला. लिहिणाऱ्याला तुम्ही ओळखता, गेल्या वर्षी तो तुमच्याकडे जेवून गेला. तेव्हा राग मानू नका, मी चौकातल्या हॉटेलात उतरतो. तुम्हीच या भेटायला. येताना ओळखपत्र आणा. दारातला माणूस पत्ता बघेल, मग तुमच्याकडे बघेल; मी खिडकीतून हात करीनच.