पिवळ्या झावळ्यांची वाट

जावातल्या महिन्यांबद्दल वुर्यानीला कुणी काही शिकवायचं नाही, हा मागलांगच्या पलीकडच्या त्या अख्ख्या पंचक्रोशीतला नियम होता. तो तिनंच केला होता, ते सोडा. कुठल्या वाराला घर बदलू नये, कुणाच्या म्हाताऱ्याला जाऊन हजार दिवस कधी भरतात, कुठल्या महिन्यात मांडव घालू नये, हे सगळं ती आपल्या झेरॉक्सच्या दुकानात मशीनचं झाकण उघडमीट करत न विचारता सांगायची. गिऱ्हाईक बिचारं ओळखपत्राच्या दोन प्रती घ्यायला आलेलं असायचं.

शुक्रवारी दुपारी तीनला मात्र दुकान बंद. तपकिरी गणवेश चढवायचा, गळ्यात लाल-पांढरा रुमाल बांधायचा आणि शाळेच्या मैदानात स्काउटची पोरं हाकायची. पगार नाही, भत्ता नाही, उन्हाचा त्रास मात्र भरपूर. स्काउटातल्या मोठ्या माणसाला, मग तो विशीतला असो की सत्तरीतला, सगळे ‘काक’ म्हणतात, म्हणजे ताईही तीच आणि दादाही तोच. काक वुर एकोणीस वर्षं काक होती. सुरुवातीला चाळीस पोरं होती, आता अकरा उरली होती. प्रत्येक शिबिराआधी ती पालकांच्या ग्रुपवर लिहायची, ‘मदतीला या.’ उत्तरादाखल बावीस अंगठे यायचे. अंगठ्यांमागून माणूस एकदाही आला नव्हता.

त्यात यंदा पाक विदाग्दो नावाचे नवे मुख्याध्यापक आले. ‘पाक’ म्हणजे आपले सर. सरांना फुटसालची, म्हणजे पाच-पाच जणांच्या फुटबॉलची, भारी हौस. त्यांनी वुर्यानीला बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, की रविवारी तुमचा तो माग काढण्याचा खेळ आहे ना, तो होऊ द्या. पण एकही मूल हरवलं किंवा एकाही घरातून तक्रार आली, तर पुढच्या शुक्रवारपासून मैदान फुटसालला. आणि प्रत्येक ठाण्यावरची सहीची वही, शेऱ्यासकट, सोमवारी माझ्या टेबलावर.

“काळजीच करू नका, पाक,” वुर्यानी म्हणाली. “ती वाट मी डोळे मिटून आखते.”

तिनं डोळे उघडे ठेवले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी संध्याकाळी तिनं कोपऱ्याकोपऱ्यावर खुणेच्या पिवळ्या कागदी पट्ट्या बांधल्या. रात्रभर पाऊस झोडपून गेला. पहाटे साडेपाचला जाऊन बघते तर पट्ट्यांचा लगदा आणि झाडांच्या बुंध्यांवर पिवळे ओघळ. पोरं आठला निघणार! पण हातपाय गाळणाऱ्यांतली ती नव्हती. तिनं काक पोनिमानना उठवलं.

हे पोनिमान म्हणजे तिचे एकुलते एक सहकारी, वय सदुसष्ट. एकतीस वर्षं रेल्वे फाटकावर नोकरी केलेली. फाटक एकदा पडलं की पडलं, मग पलीकडे अँब्युलन्स असो की प्रांताचा मोठा साहेब. एका साहेबाच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला म्हणून त्यांनी गाडी गेल्यावरही फाटक आणखी दोन मिनिटं पाडून ठेवलं होतं, असं सांगतात. या माणसाला वुर्यानी नेहमी नदीचं ठाणं द्यायची. दोर धरून गुडघाभर पाण्यातून पलीकडे जायचं, वहीत सही करायची, पोनिमान शेरा लिहिणार.

“पिवळं काहीतरी पाहिजे, काक. आत्ताच्या आत्ता.”

पोनिमाननी परसातल्या माडाकडे पाहिलं. कोवळी झावळी, पिवळीधमक. पण त्यांचा हात अडला. “पिवळी झावळी बांधली तर लोक लग्न समजतील.”

यात चुकीचं काहीच नव्हतं. वळणावर पिवळी झावळी दिसली की इकडे लग्न आहे, हे जावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण वुर्यानी हसली. “सुरो महिना चाललाय, काक. सुरोत लग्न कोण करतं? अजून नऊ दिवस आहेत संपायला. मी बघूनच आलेय.”

बघून आली होती, हे खरं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. ते कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं. मागच्या बाजूला दोरीच्या गाठींची सुरेख चित्रं होती, म्हणून तिनं ते काढलं नव्हतं. सुरो खरं तर दोनच दिवसांपूर्वी संपला होता. महिनाभर तुंबलेली लग्नं त्या रविवारी पहिल्यांदा सुटणार होती. आणि त्यातलं एक त्याच गावात, वडाजवळच्या गल्लीत होतं.

सहा वाजता वुर्यानीनं वडापासून नदीपर्यंत आणि नदीपासून टेकडीवरच्या पटांगणापर्यंत झावळ्यांच्या पट्ट्या बांधल्या. वाटेत पोनिमानना बजावलं, “ठाण्यावर जो येईल त्यानं दोर धरून नदी ओलांडायचीच. सबब ऐकायची नाही. हल्लीची पोरं फार सबबी सांगतात.” पोनिमाननी मान हलवली. सबब ही गोष्ट त्यांनी एकतीस वर्षांत ऐकलीच नव्हती.

सात वाजता लग्नघरच्या मंडळींनी वडाच्या शाळेकडच्या बाजूला, आपल्या गल्लीच्या तोंडाशी, झावळ्यांची उंच कमान उभी केली. आता झालं असं, की शाळेकडून येणाऱ्याला आधी कमान दिसायची आणि मोठ्या रस्त्याकडून येणाऱ्याला आधी वुर्यानीच्या पट्ट्या. पोरं शाळेकडून येणार होती. पाहुणे मोठ्या रस्त्याकडून.

वुर्यानी टेकडीवर शेवटच्या ठाण्यावर बसली. सोबत अकरा भाताच्या पुड्या, केळीच्या पानात बांधलेल्या. नऊ वाजले. पोरं नाहीत. ती उठली, पटांगणाला एक फेरी मारून परत बसली. सव्वानऊला पुन्हा उठली. शिट्टी वाजवून पाहिली, उत्तर नाही. पोनिमानना फोन लावला, तर त्यांनी घेतला नाही. ड्युटीवर फोन घ्यायचा नाही, हाही रेल्वेचा नियम. साडेनऊपर्यंत तिनं पुड्या चारदा मोजल्या, जणू पुड्यांतून पोरं निघणार होती. डोळ्यांसमोर फुटसालचे गोलखांब दिसायला लागले. त्याहून वाईट, नदी दिसायला लागली. रात्रभर पाऊस झाला होता. अकरांपैकी कुणी घसरलं असेल तर? एकोणीस वर्षं कशासाठी घासली, घरी बसून झेरॉक्स काढायला काय झालं होतं, असं तिचं मन तिलाच टाकून बोलत होतं.

तेवढ्यात चढावर पावलं वाजली. वुर्यानी धावली. पोरं नव्हती. एक भारदस्त बाई होती. जरीचा कबाया म्हणजे लांब बाह्यांची चोळी, मोठा अंबाडा, कमरेखाली चिंब भिजलेली, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात चकचकीत कागदातली भेट.

बाई दम खाऊन अतिशय अदबीनं म्हणाली, “पोहोचलो एकदाचे. नवरी कुठे बसलीय?”

वुर्यानीला वाटलं, टेकडी पायाखालून सरकली. तिनं बाईला विचारलं, आज सुरोची कितवी. बाई म्हणाली, सुरो? अहो, तो शुक्रवारीच संपला. बाईच्या मागे आणखी सहा जण चढून येत होते, सगळे भिजलेले, आणि एकाच्याही तोंडून तक्रारीचा शब्द नाही. कारण यजमानानं वाट आखलीय म्हटल्यावर प्रश्न कसला विचारायचा, वाईट दिसतं. हल्ली शहरात काय काय पद्धतीनं लग्नं करतात, असेल हीपण एखादी. शिवाय पुढचे जाताहेत म्हटल्यावर मागचे कशाला थांबतील?

वुर्यानीनं त्या सातांना तिथंच बसवलं, हाताला लागल्या त्या भाताच्या पुड्या दिल्या. पाहुणे इथं, म्हणजे पोरं तिथं! पुलाकडच्या उतारावरून ती सुटली ती थेट लग्नाच्या मांडवात.

मांडवात दोनशे खुर्च्या होत्या. एकशे ऐंशीच्या वर रिकाम्या. नवरा-नवरी मखरात पुतळ्यासारखी बसलेली, नवरीची आई डोळ्यांना पदर लावून उभी. आणि सगळ्यात पुढच्या रांगेत, तपकिरी गणवेशात, पाठी ताठ ठेवून, अकरा पोरं जेवत होती.

वुर्यानीनं मोजली. पुन्हा मोजली. अकरा. ती तिथल्याच एका खुर्चीत बसली आणि तिला रडू आलं.

गटाची नाईक सेकार, वय वर्षं अकरा, उठली आणि सलाम ठोकून तिनं अहवाल दिला. “काक, पहिलं ठाणं पूर्ण. वहीत सगळ्यांच्या सह्या केल्या. ठाण्यावरचे मोठे सांगतील ते निमूट करायचं, असं तुम्ही सांगितलं होतं. त्यांनी तीनदा जेवा म्हटलं, आम्ही तीनदा जेवलो. नवरीसोबत फोटो काढला. पथकाची घोषणाही दिली, पण त्या काकू रडायला लागल्या.”

नवरीची आई घोषणेमुळे रडत नव्हती. पहिल्या मुलीचं लग्न आणि पाहुणेच नाहीत! गावात तोंड कसं दाखवायचं? ही अकरा पोरं आली नसती तर पुढची रांगही मोकळी दिसली असती, असं ती हुंदके देत सांगत होती. आता वुर्यानीला गप्प बसता येत होतं. कुणाला कळलंही नसतं. पण त्या बाईचा चेहरा बघून तिला गप्प बसवेना. तिनं हात जोडून सगळं सांगून टाकलं, कॅलेंडरसकट.

आई बघतच राहिली. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, “म्हणजे माझे पाहुणे आलेत? नदीत आहेत?”

“हो, बाई.”

“मग आणा की त्यांना!”

सेकारनं पुढचं ऐकलंही नाही. शिट्टी फुंकली. पाच मिनिटांत चार पोरं वडापाशी उभी राहून नव्या पाहुण्यांना मांडवाकडे वळवत होती, तीन पोरं पट्ट्या उपटत टेकडीकडे धावली आणि बाकीची वुर्यानीच्या मागे नदीवर.

नदीवर शिस्तीत रांग होती. बाटिकचे सदरे, काळ्या टोप्या, अंबाडे, डोक्यावर धरलेल्या भेटी. पलीकडच्या काठावर पोनिमान, गळ्यात शिट्टी, हातात लाल झेंडा, मांडीवर वही. वुर्यानीला पाहून म्हातारा आनंदानं ओरडला, “काक वुर, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पालक आले! केवढे आले बघा!” त्यांचा चेहरा इतका फुलला होता, की वुर्यानीला लगेच खरं सांगवेना.

आणि नदीच्या मधोमध, दोर धरून, लग्नाला निघालेले पाक विदाग्दो उभे होते. त्यांची बायको केव्हाच पलीकडे पोहोचली होती.

“मी मुख्याध्यापक आहे,” सर ओरडले.

“दोन्ही हात दोरावर,” पोनिमान म्हणाले.

“अहो, हे बघा माझं ओळखपत्र,” म्हणून सरांनी एक हात खिशात घातला. पोनिमाननी शिट्टी फुंकून लाल झेंडा वर केला. सर दचकले, दुसरा हातही सुटला आणि ते पाण्यात बसले. टोपी मात्र स्वतःच पुढच्या प्रवासाला निघाली. सेकारनं धावत जाऊन ती खालच्या दगडापाशी पकडली, पिळली आणि सलाम ठोकून परत दिली.

अर्ध्या तासात मांडव भरला. निम्मे पाहुणे उसन्या लुंग्यांत होते, पण हसण्या-खिदळण्यानं छप्पर उडायची वेळ आली. नवरीच्या मामाची फुलाफुलांची लुंगी नेसलेले पाक विदाग्दो कोपऱ्यात सूप पीत होते. वुर्यानी माफी मागायला गेली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “उद्या सकाळी. वहीसकट.”

वुर्यानीला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सोमवारी ती नदीची वही आणि लग्नघरच्या पाहुण्यांच्या वहीची झेरॉक्स घेऊन सरांसमोर उभी राहिली. झेरॉक्सवर अकरा पोरांच्या सह्या होत्या, शेवटी पथकाचं नाव आणि ‘जेवण चविष्ट, तिखट थोडं कमी’ असा सेकारचा अभिप्राय.

“मूल हरवलं?” सरांनी विचारलं.

“नाही, पाक. पाहुणे हरवले.”

“तक्रार?”

वुर्यानीनं केकचा डबा पुढे केला. नवरीच्या आईनं पाठवला होता, सोबत चिठ्ठी. धाकटीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, पाहुण्यांना वाट दाखवायला ती अकरा पोरं द्याल का?

सरांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि नदीची वही उघडली. बोट खाली खाली सरकत एका ओळीवर थांबलं. पोनिमानचं अक्षर सुवाच्य होतं. ‘विदाग्दो. दोर सोडला. सबब सांगितली. नापास. फेरपरीक्षा शुक्रवारी तीन वाजता.’ त्याच्या वरची ओळ सरांच्या बायकोची होती. ‘उत्तम. उत्तीर्ण.’

बाहेर पोरांच्या खेळण्याचा आवाज येत होता. वुर्यानीनं मनातल्या मनात मैदानाचा निरोप घेतला.

“हे घरी कळलंय,” सर शेवटी म्हणाले. “काल जेवताना दोनदा ऐकलं मी. सासूबाईंना फोनही झाला.” त्यांनी वही मिटली. “मी पास होईपर्यंत शुक्रवार तुमचाच. नंतरचं नंतर बघू.”

शुक्रवारी तीनला मुख्याध्यापक मैदानात आले. तपकिरी गणवेश पोटावर ताणलेला. सगळ्यात लहान पोरांच्या रांगेत, शेवटी उभे राहिले. पोनिमाननी घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिलं, दोन मिनिटं उशीर.

एकोणीस वर्षांत वुर्यानीनं पोनिमानना कधी नियम वाकवायला सांगितला नव्हता. आज ती हळूच त्यांच्या कानाशी वाकली. “काक, त्यांना इतक्यात पास करू नका.”

पोनिमाननी सरांकडे पाहिलं. सेकार त्यांना तिसऱ्यांदा साधी गाठ शिकवत होती आणि सरांचा अंगठा गाठीत अडकला होता.

“निर्धास्त रहा,” पोनिमान म्हणाले. “ते रिटायर होईपर्यंत तरी काही पास होत नाहीत.”