नखं दावा, राव!

काळोखेअण्णांना कुणी नमस्कार केला, की ते उलट नमस्कार करत नसत. समोरच्याचे हात धरून नखं बघत. "नखं दावा, राव!" निळी नाहीत अशी खात्री झाली, की मग म्हणत, "बसा."

निघोज्याचा हा गडी आधी हवाई दलात मेकॅनिक होता. आता पिंपरीच्या औषध कारखान्यात, आणि आमच्या नशिबाने आमच्या शेजारी. "इमान लई उंच गेलं, अन् केबिनीतली हवा गळाय लागली, तर माणसाला कळत न्हाई," ते सांगत. "उलट मज्जा वाटती! हसत सुटतो. नखं निळी पडत्यात. मग आधी आपल्या तोंडाला मास्क, मग सोबत्याच्या, अन् इमान झटदिशी खाली! खाली आलं की समदं बरं. शंका आली, तर शंभरापासनं उलटं मोजाय लावायचं. अडकला, की हवा कमी पडली!"

हे ज्ञान विमानापुरतं ठेवलं असतं, तर आम्ही सुखी असतो. पण छे! हळदीकुंकवाला बायका खिदळल्या, की हे दारात: "खिडक्या उघडा!" एकदा कारखान्यातला साहेब स्वतःच्याच विनोदावर हसला, तर अण्णांनी त्यालाही मोजायला लावलं. साहेब ब्याण्णववर अडकला आणि अण्णांची बढतीही अडकली.

बायको लवकर गेली. लेकीला, शकूला, त्यांनी एकट्यानेच वाढवलं. तिचं लग्न महाळुंग्याला ठरलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांना बजावलं, "पाठवणीला रडारड न्हाई पायजे. ज्यानं त्यानं आपला श्वास सांभाळायचा."

पाठवणीला गाडी जुंपली. बायका मुसमुसत होत्या आणि अण्णा हसत होते! व्याह्यांच्या पाठीवर थापा काय, बैलांची थट्टा काय! मला तर संतापच आला. काय दगड आहे हा माणूस!

शकू गाडीत चढता चढता थांबली. मागे फिरली. बापाचे दोन्ही हात धरून तिने नखं बघितली.

"अण्णा, शंभरापासनं उलटं मोजा."

"हॅ! शंभर... नव्व्याण्णव... अठ्ठ्याण्णव..."

पुढचा आकडा येईना. ओठ नुसतेच हलत राहिले.

"खाली बसा अण्णा," ती म्हणाली. "या, खाली या."

हिरव्या चुड्याच्या हातांनी तिने त्यांना जमिनीवर बसवलं, आणि अण्णा ढसाढसा रडायला लागले. ती पाठ चोळत राहिली. व्याही उशीर होतोय म्हणून कुरकुरले, तेव्हा मीच गाडीवानाला ओरडलो,

"बैल सोड रे! अण्णा अजून खाली यायचेत."